मोठा स्क्रीन आणण्याआधी भिंत आणि वीज तपासा

डिसेंबर २०२० मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा, तो मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ, कविता किंवा प्रश्न समोर येतात, ही कल्पना त्यांनी शाळेत राबवून दाखवली होती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. माढ्याला लागूनच करमाळा तालुका आहे आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं जेऊर हे त्यातलं स्टेशनाचं गाव. इथल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांपर्यंतही ती पुस्तकं पोहोचली. पण तीस मुलांनी एका मोबाइलभोवती गर्दी करून धडा पाहायचा म्हणजे मागच्या वीस जणांना फक्त आवाज ऐकू येणार. म्हणून लोकवर्गणी, माजी विद्यार्थ्यांची देणगी, कुठे एखाद्या कंपनीचा निधी अशी जुळवाजुळव करून शाळा, वाचनालयं आणि ग्रामपंचायती मोठे एलसीडी स्क्रीन घेऊ लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे, आणि म्हणूनच तो स्क्रीन दहा वर्षं चालावा असं मला मनापासून वाटतं.

असे स्क्रीन वापराने झिजून क्वचितच जातात. ते कच्च्या भिंतीवरून निखळतात, चढ्या व्होल्टेजने जळतात, पत्र्याच्या खोलीत भाजतात किंवा वाहतुकीत तडकतात. म्हणजे स्क्रीनचं आयुष्य बऱ्याच अंशी तो पहिल्यांदा सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. तरीही अंदाजपत्रकात सगळा पैसा इंच वाढवण्यात जातो आणि वायरिंगसाठी काही उरत नाही. माझं स्पष्ट मत असं की, एकूण रकमेतला निदान दहावा हिस्सा भिंत, अर्थिंग आणि वीजसुरक्षेसाठी आधीच बाजूला काढावा. त्यासाठी स्क्रीन दहा इंचांनी लहान घ्यावा लागला तरी चालेल.

आकार ठरवण्याची रीत सोपी आहे. अक्षरं वाचायची असतील, तर सर्वात मागे बसणारा माणूस स्क्रीनच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब नसावा. ५५ इंची स्क्रीनची उंची सुमारे २७ इंच असते, म्हणजे तो साडेतेरा फुटांपर्यंत पुरतो. ६५ इंची सोळा फुटांपर्यंत, ७५ इंची साधारण साडेअठरा फुटांपर्यंत आणि ८६ इंची एकवीस फुटांपर्यंत. हे ‘इंच’ स्क्रीनच्या कर्णाचे असतात, रुंदीचे नाहीत. ७५ इंची स्क्रीन भिंतीवर साधारण साडेपाच फूट रुंद आणि तीन फूट उंच जागा घेतो. जुन्या फळ्याच्या जागी तो बसतो का, हे टेपने मोजून खडूने भिंतीवर आखून पाहा. दुकानात किंवा शेजारच्या शाळेत स्क्रीन पाहायला गेलात, तर त्यावर मराठी पुस्तकाचं पान उघडायला सांगा आणि ठरलेल्या अंतरावर उभं राहून अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं वाचता येतात का ते बघा. दुकानदार दाखवतो ते रंगीत मासे आणि बर्फाचे डोंगर कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात.

बाजारात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जे मिळतं, तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो, फक्त त्यामागचा उजेड एलईडीचा असतो. खरा फरक घरगुती टीव्ही आणि व्यावसायिक डिस्प्ले यांच्यात आहे. घरगुती टीव्ही दिवसातून काही तास चालावा या हिशेबाने बनवलेला असतो आणि तो शाळेत किंवा दुकानात लावला तर अनेक कंपन्यांची वॉरंटी लागू होत नाही. वॉरंटीचं कार्ड खरेदीआधी वाचा, बिल संस्थेच्याच नावाने घ्या आणि पाठीमागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह व ‘आर’ अक्षरानंतर आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते तपासा. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा-खोटा पाहता येतो. बोटांनी लिहिता येणारं टच पॅनेल हवं असेल, तर जेऊरपर्यंत येऊन दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पुण्याला पाठवावं लागेल असं उत्तर आलं, तर पन्नास किलोची वस्तू तिकडे नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

आता स्क्रीन आणण्याबद्दल. एलसीडीची काच अगदी पातळ असते आणि तिला आधार फक्त कडेच्या चौकटीचा असतो. खोका टेम्पोत आडवा टाकला, वर दुसरं सामान ठेवलं आणि खड्ड्यांच्या रस्त्याने आणला, की बाहेरून काही दिसत नाही, पण सुरू केल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. म्हणून खोका कायम उभाच ठेवायचा, टेम्पोच्या बाजूच्या फळीला टेकवून दोरीने बांधायचा आणि शेजारी हलणारं काही ठेवायचं नाही. खोका शाळेत उघडताना विक्रेत्याचा माणूस हजर असावा आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू असावं. बहुतेक मोठे खोके वरून उचलून काढायचे असतात. खालच्या बाजूची प्लॅस्टिकची कुलपं काढली की पुठ्ठा वर निघतो आणि स्क्रीन उभाच राहतो. तो उचलायला ६५ इंचापर्यंत दोन माणसं आणि त्यापुढे तीन-चार माणसं लागतात. हात चौकटीच्या तळाला आणि कडेला धरायचे, काचेवर अंगठा दाबायचा नाही. भिंतीवर चढवण्याआधी खालीच वीज देऊन सगळे कोपरे, आवाज आणि टच तपासून घ्या. खोका आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत कोठीत जपून ठेवा, दुरुस्तीसाठी पाठवायची वेळ आली तर दुसरं कोणतंही वेष्टण तितकं कामाला येत नाही.

भिंतीकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं. साधा ७५ इंची टीव्ही तीस-पस्तीस किलोंचा असतो, त्याच आकाराचं टच पॅनेल पन्नास किलोंच्या आसपास जातं. त्यात मुलं त्यावर लिहिणार, टेकणार, कधी चौकटीला लोंबकळणारही. आपल्याकडच्या खोल्या एकसारख्या नाहीत. पक्क्या विटांची, सिमेंटच्या गिलाव्याची भिंत सर्वात चांगली. तिथे ८ किंवा १० मिलिमीटरचे लोखंडी फास्टनर गिलाव्यात नव्हे तर विटेत रुततील इतके खोल जायला हवेत. गिलावा एक इंच जाड असेल, तर तेवढी जास्त लांबी धरा. दोन विटांच्या सांध्यात भोक पडलं तर ते सोडून शेजारी घ्या. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत बाहेरून गिलावा गुळगुळीत दिसतो, पण आतला दगड सुटा असतो आणि माती ड्रिलला लगेच भुगा देते. भोकातून पांढरी किंवा तांबूस माती भसाभस गळाली, तर तिथे ब्रॅकेट लावूच नका. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत फास्टनरला फुलून पकड घ्यायला भरीव भागच मिळत नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट नेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावावी लागते. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकसाठी वेगळे फास्टनर मिळतात. पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या आडभिंतीवर मोठा स्क्रीन लावण्याचा विचारही करू नये. अशा खोलीत जमिनीपासून छतापर्यंत दोन उभे लोखंडी चौकोनी पाइप रोवून त्यांवर ब्रॅकेट बसवलं तर भिंतीवर भार येत नाही. गावातला वेल्डिंगवाला हे काम व्यवस्थित करून देतो.

स्क्रीनच्या पाठीमागे चार भोकं ठरलेल्या अंतरावर असतात, त्याला ‘व्हेसा’ म्हणतात. ६०० बाय ४०० म्हणजे आडवं अंतर ६०० मिलिमीटर आणि उभं ४००. ब्रॅकेट त्याच मापाचं आणि स्क्रीनच्या वजनाच्या किमान दुप्पट भार पेलणारं घ्या. स्क्रूही कंपनीने सांगितलेल्या लांबीचेच हवेत. जास्त लांब स्क्रू जोर लावून पिळला तर तो आतल्या पट्टीला जाऊन भिडतो. भोकं पाडण्याआधी बोर्डातून वर जाणारी वायरिंग कुठून जाते ते पाहा आणि मेन स्विच बंद करा. ब्रॅकेट पाणसळ लावून सरळ केलं, की स्क्रीन टांगण्याआधी एका मोठ्या माणसाने त्यावर हळूहळू आपला भार देऊन बघावं. सहा महिन्यांनी सगळे नट पुन्हा आवळा.

उंची किती ठेवायची, हे बसणारे कोण त्यावर ठरतं. पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर बसत असतील आणि त्यांनी स्क्रीनला हात लावून लिहायचं असेल, तर खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर पुरे. बाकांच्या वर्गात ती तीन-सव्वातीन फुटांवर घ्या, नाहीतर पुढच्या डोक्यांमुळे मागच्याला खालची ओळ दिसत नाही. घरी सोफ्यावर बसून पाहायचं असेल, तर स्क्रीनचा मध्य डोळ्यांच्या रेषेत असावा. हॉलच्या भिंतीवर तसबिरीसारखा उंच टांगलेला टीव्ही मानेला त्रास देतो. घरात भिंतीवर न लावता टेबलावर ठेवलेला मोठा टीव्ही लहान मुलांच्या दृष्टीने फार धोक्याचा असतो. रांगतं मूल आधार धरायला जातं आणि टीव्ही पुढे कलंडतो. पाठीमागून पट्ट्याने तो भिंतीला बांधा आणि वर रिमोट, खेळणं, बिस्किटाचा पुडा असं मुलाला खुणावणारं काही ठेवू नका. चाकांचा स्टँड घेतलात तर तो एकाच खोलीत फिरवा. उंबऱ्यावरून किंवा फरशीच्या खाचेवरून ढकलताना एक चाक अडतं आणि वरचं वजन पुढे येतं.

विजेचा भाग मी सर्वात महत्त्वाचा मानतो. जेऊरच्या पश्चिमेला उजनीचं पाणी आहे, ऊस आणि केळी आहे, आणि या शेतीमागे हजारो कृषिपंप आहेत. गावठाणाचा फीडर वेगळा असेल तर शाळेला त्या पंपांचा फारसा त्रास होत नाही. पण वस्तीवरची शाळा किंवा रानातलं घर शेतीच्या लाइनवर असेल, तर लाइट आली की ऑटो स्टार्टर लावलेल्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली जातं आणि काही वेळाने पुन्हा चढतं. आजचे बहुतेक स्क्रीन १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी व्होल्टेजने ते सहसा जळत नाहीत. खरी भीती चढ्या व्होल्टेजची आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी थेट ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. अशा वेळी आधी बल्ब लखलखतो, पंखा जोरात पळतो आणि पाठोपाठ टीव्ही, फ्रिज, चार्जर एकामागून एक जातात. साधा स्टॅबिलायझर इतका दाब रोखू शकत नाही. त्यापेक्षा व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारा आणि सगळं स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मुख्य बोर्डातच बसवा. तो स्क्रीनच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त आहे. तो बसेपर्यंत एक सवय लावून घ्या. लाइट गेली की स्क्रीनचा स्विच बंद करायचा आणि लाइट आल्यावर पंखा एकसारखा फिरतोय हे पाहूनच तो सुरू करायचा.

अर्थिंगकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, कारण ते नसलं तरी सगळं चालतं. स्क्रीनच्या मोठ्या तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन ही माणसाच्या जिवासाठी असते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती मोडू नका आणि दोन पिनांचं ॲडॉप्टर लावू नका. परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि त्याचा रोध मोजून घ्या. पाच ओहमच्या आत तो यावा. मुरमाड, कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होतं, म्हणून मार्च ते मे या महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यातल्या नळीत दर आठवड्याला पाणी ओतायला हवं. हे काम शाळेत कोणाकडे, ते ठरवून नोंदवहीत लिहा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर अंगातून वीज जाऊ लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. स्क्रीनची चौकट, टेबल किंवा लॅपटॉप हाताला झिणझिण्या देत असेल, तर ‘एवढं असतंच’ असं म्हणून सोडू नका, त्याच क्षणी वीज बंद करून वायरमनला बोलवा. स्क्रीन आणि त्याला जोडलेला संगणक एकाच सॉकेट-पट्टीवर असावेत आणि एचडीएमआय केबल जोडताना दोन्ही बंद असावेत. वेगवेगळ्या सॉकेटवरून चालणाऱ्या दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तो केबलमधून वाहतो आणि पोर्ट जळतो.

टच पॅनेलला साधारण २०० ते ३५० वॅट लागतात. २५० वॅट धरले तर रोज पाच तासांना सव्वा युनिट. हे फार नाही, पण इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर घ्या. स्क्वेअर वेव्हवर वीजपुरवठ्याचा भाग तापतो आणि स्पीकरमधून घरघर येते. १५० अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवर स्क्रीन आणि छोटा संगणक तीनेक तास निघतात, म्हणजे शाळेला पुरे.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजांचा धोका सर्वाधिक असतो. वीज घरावरच पडावी लागते असं नाही. दूरच्या तारेवर पडली तरी तिचा झटका लाइनमधून, केबलमधून, डिशच्या वायरमधून किंवा इंटरनेटच्या लॅन वायरमधून आत येतो. म्हणून आभाळ भरून आलं, लांब गडगडलं, की प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. डिशची आणि नेटची वायरही सोडवा, पण हे सगळं वादळ डोक्यावर येण्याआधी करा. विजा चमकत असताना वायरला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची आगाऊ सूचना देतं. ते मुख्याध्यापकांच्या आणि शिपायाच्या, दोघांच्याही मोबाइलवर असू द्या. उन्हाळी सुट्टीत शाळा बंद होताना तर प्लग काढूनच कुलूप लावायचं.

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बहुतेक स्क्रीन कमाल ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी छताजवळ त्याहून कितीतरी जास्त उष्णता साठते. स्क्रीन शक्यतो उत्तरेकडच्या किंवा आतल्या भिंतीवर लावा, जिच्या पलीकडून दुपारचं ऊन लागत नाही. खिडकीतून थेट ऊन काचेवर पडत असेल तर जाड पडदा हवा. फार तापलेल्या एलसीडीवर काळे डाग पसरतात. ते थंड झाल्यावर जातातही, पण आतला भाग तोवर कमकुवत होत असतो. मागे आणि वर निदान चार इंच मोकळी जागा ठेवा आणि चोरीच्या भीतीने लाकडी कपाटात स्क्रीन बंद करणार असाल, तर वापरताना दोन्ही दारं पूर्ण उघडा. उन्हाळ्यात सकाळच्या शाळेतच स्क्रीनचे तास घ्या. ब्राइटनेस कायम शंभरावर ठेवू नका, निम्म्यावर ठेवला की वीज वाचते, उष्णता कमी होते आणि मुलांच्या डोळ्यांनाही बरं.

धूळ, पाल आणि उंदीर यांचाही विचार करा. उबेसाठी पाल स्क्रीनच्या मागच्या जाळीतून आत शिरते आणि पॉवर बोर्डावर चिकटून शॉर्ट सर्किट करते. आठवड्यातून एकदा वीज बंद करून, प्लग काढून मागची जाळी मऊ ब्रशने झाडा. वायर प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्या, म्हणजे उंदरांना कुरतडता येत नाही आणि मुलांचा पायही अडकत नाही. शेजारी खडूचा फळा असेल तर तो ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा. काच पुसायला चष्मा पुसतात तसलं मऊ मायक्रोफायबर कापड वापरा. डाग पडला असेल तर कापडावर थोडं पाणी घ्या, काचेवर फवारू नका, कारण ओघळ खाली चौकटीत उतरतो आणि तिथेच नाजूक जोडण्या असतात. खिडक्या पुसायचं निळं पाणी, स्पिरिट आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी वरचा थर उतरतो.

काच फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, वीज तोडा आणि हातमोजे घालून तुकडे गोळा करा. आतून ओलसर द्रव निघाला आणि हाताला लागला तर साबणाने धुवा. धूर किंवा जळका वास आला तर आधी एमसीबी पाडायचा. चालू उपकरणावर पाणी मारायचं नाही, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा. स्क्रीन बंद केल्यानंतरही पॉवर बोर्डात बराच वेळ वीज साठून राहते, त्यामुळे गावातल्या हौशी माणसाकडून मागचं झाकण उघडून घेऊ नका.

शेवटी एक दिवस तो स्क्रीन निकामी होणारच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे अशा वस्तूंच्या शास्त्रीय पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ते काम नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच व्हायला हवं. जुन्या स्क्रीनमधल्या नळ्यांमध्ये पारा असतो. स्क्रीन फोडून तांबं काढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात हा पारा जातो. तेव्हा दोनशे रुपये मिळतात म्हणून स्क्रीन भंगाराच्या गाडीवर चढवू नका. कंपनीच्या किंवा नोंदणीकृत केंद्राच्या हवाली करा, पावती घ्या आणि जडवस्तू नोंदवहीत त्या स्क्रीनच्या नोंदीशेजारी चिकटवा.